समोरच्या आजीचा डबा

इंदिरानगर, नाशिक
१६ जानेवारी २०२५

तेजल,

वर 'चिरंजीव' लिहिलं असतं तर तू तिथेच कागदाचे चार तुकडे केले असतेस, म्हणून नुसतं नाव लिहिलं आहे. पत्ता तुझ्या मैत्रिणीने, मनीषाने दिला. तिच्यावर चिडू नकोस. लागोपाठ तीन रविवार मी तिच्या घरी जाऊन सोफ्यावर ठाण मांडलं, शेवटी वैतागून तिने कागदावर लिहून दिला. माझा नंबर तू बंद करून टाकला आहेस. पोस्टमनला काही तसं करता येत नाही.

आधी एक गोष्ट सांगून मोकळी होते. दोन वर्षांपूर्वी त्या रविवारी तू सासर सोडून, सायलीला कडेवर घेऊन बॅगेसकट माझ्या दारात आलीस, तेव्हा आपली बेल बिघडलेली होती. मला ऐकूच आलं नाही. तू कधी विचारलं नाहीस म्हणून मी सांगितलं नाही. विषय संपला.

पत्राचं खरं कारण वेगळंच आहे. काल किंक्रांत. दुपारी अडीचच्या सुमारास मी कचऱ्याची बादली आत घ्यायला दार उघडलं, तर उंबऱ्यासमोर अगदी मधोमध एक स्टीलचा उभा डबा ठेवलेला. झाकण काढलं तर आत स्ट्रॉबेरी. ताज्या, देठासकट, काहींना लाल माती चिकटलेली. डब्यावर नाव घातलेलं होतं, 'चंद्रभागा सावळीराम'.

चंद्रभागाबाई आठवतात ना तुला? आठवणारच. समोरच्या फ्लॅटमधल्या. त्यांचा मुलगा वाळू, त्याचं सुरगाण्याच्या बाजूला स्ट्रॉबेरीचं शेत आहे. म्हातारीला दवाखाना जवळ पडावा म्हणून त्याने इथे घर घेतलं होतं. ऑक्टोबरमध्ये त्या गेल्या. तेव्हापासून समोर कुलूप आहे. मी म्हटलं, वाळू येऊन गेला असेल आणि घाईत बेल न वाजवता ठेवून गेला असेल.

आता प्रश्न डब्याचा. शेजारचा डबा रिकामा परत करायचा नाही, हे मी तुला फ्रॉकात होतीस तेव्हापासून शिकवलं. निदान चिमूटभर साखर तरी घालायची. तू तर एकदा घाईघाईत मीठ भरून देऊन आली होतीस. पण मला ही स्ट्रॉबेरी मुळात आवडत नाही, धड आंबट नाही आणि धड गोडही नाही. फेकवेनात. मग मोबाईलवर बघून केक केला. हस. मी, जिने तुझ्या दहा वाढदिवसांना 'केक म्हणजे फुगवलेला मैदा' म्हणून शिराच केला, तिने.

फार सोपं निघालं. एक वाटी बारीक रवा, वाटीभर दही, पाऊण वाटी साखर, पाव वाटी तूप, सगळं कालवून अर्धा तास झाकून ठेवायचं. स्ट्रॉबेरीचे तुकडे चमचाभर मैद्यात घोळवायचे, म्हणजे तळाला जाऊन बसत नाहीत. शेवटी पाव चमचा सोडा. कुकरची शिट्टी आणि रिंग काढायची, तळाला मिठाचा थर द्यायचा, त्यावर डबा, आणि मंद आचेवर चाळीस मिनिटं. त्यात मी माझ्या मनाचा वेलदोडा घातला, नेहमीसारखा सालासकट कुटून. घरभर असा वास सुटला की मलाच कसंतरी झालं. खाणारं कोणी नव्हतं.

केक डब्यात भरून समोरच्या बंद दाराशी ठेवला आहे. वाळू परत आला की नेईल. सायली आता पाच वर्षांची झाली असेल. तिला स्ट्रॉबेरी आवडते का ग?

— आई

*

२१ जानेवारी

तेजल,

तुझं उत्तर आलेलं नाही, अपेक्षाही नव्हती. पण हे कोणाला तरी सांगायला हवं, आणि सोसायटीत सांगितलं तर बायका म्हणतील सुवर्णाबाईंना एकटेपणाने लागीर झालं.

डबा परत आला.

मी सोळा तारखेला समोर ठेवला, सतरा तारखेला दुपारी तो पुन्हा माझ्या दारात होता. घासून पुसून लख्ख केलेला, आणि आत काठोकाठ स्ट्रॉबेरी. पुन्हा माती लागलेल्या. बुड कोमट होतं, नुकतंच कोणाच्या तरी मांडीवरून उचलून ठेवावं तसं. मी खाली जाऊन वॉचमनला विचारलं. चंदर म्हणाला, "ताई, दुपारपासून एक माणूस आत नाय आला. कॅमेरा बघा पाहिजे तर." बघितला. तासभर खुर्चीत बसून मी गेटवरचं ते चित्र पाहिलं. एक कुत्रं आलं आणि गेलं.

तरी मी पुन्हा केक केला. का केला म्हणशील, तर डबा घरात होता म्हणून. भरलेला डबा घरात ठेवून मला झोप येत नाही. या वेळी सोडा जास्त पडला, केक मधोमध फुगून फाटला, तरी नेऊन ठेवला. एकोणीसला डबा परत दारात. काल पुन्हा. दर वेळी दुपारीच, सगळी बिल्डिंग जेवून लवंडलेली असते तेव्हा. काल मी दाराच्या आत खुर्ची टाकून बसले होते. एकदाही डोळा लागला नाही. पावलं ऐकली नाहीत, लिफ्ट ऐकली नाही. फक्त जिन्यात ओल्या मातीचा वास आला, आणि दार उघडलं तर डबा होता.

शेवटी वाळूला फोन लावला.

"मावशी, मी दिवाळीपासून नाशकाला आलोच नाय," तो म्हणाला. "इकडं तोडणी चालू हाय, पाणी प्यायला टाइम नाय."

"मग तुझ्या आईचा डबा माझ्या दारात कोण ठेवतं?"

"कोणता डबा?"

"उभा. नाव घातलेला. बुडाशी एका बाजूला पोचा आहे."

पलीकडे तोडणीवाल्यांचे आवाज मागे पडत गेले, तो शेताच्या कडेला आला असावा.

"मावशी, राग नका मानू," तो म्हणाला. "तुम्ही आईला एकदा तो डबा रिकामा परत दिला व्हता ना? तेव्हापासून तिनं तो वापरलाच नाय. फळीवर बाजूला ठिवला. म्हणायची, हा भरून यायचा राह्यलाय. ती गेली तवा दहाव्याला तिच्या गोधडीसंगं तो पण गंगेत सोडला आम्ही. मी माझ्या हातानं सोडलाय."

आता तुला हेही सांगावं लागेल. तू येऊन गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी चंद्रभागाबाई तो डबा घेऊन माझ्याकडे आल्या होत्या. म्हणाल्या, "काल लेकरू अर्ध्याच खाऊन झोपलं. उरलेल्या तुमच्याकडं असू द्या, तुमचीच नात हाय." तेव्हा मला कळलं की त्या दुपारी त्यांनी तुम्हाला घरात घेतलं होतं, दूध दिलं होतं, संध्याकाळच्या गाडीत बसवून दिलं होतं. मला इतका संताप आला, तेजल! ही कोण लागून गेली माझ्या लेकीला घरात घेणारी? मी स्ट्रॉबेरी ओट्यावर ओतून घेतल्या आणि डबा तसाच, न धुता, रिकामा त्यांच्या दाराशी आपटला. पोचा तेव्हाचा आहे. पावणेदोन वर्षं मी त्यांच्याशी बोलले नाही. त्या जिन्यात भेटल्या की हसायच्या, मी मोबाईलमध्ये बघायची.

आणि बेल बिघडलेली नव्हती. मी आतल्या खोलीत झोपले होते. पंख्याच्या आवाजात ऐकू आलं नाही.

— आई

*

२८ जानेवारी

तेजल,

काल तुझं पत्र आलं. दोन वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. पाकीट फोडायच्या आधी मी ते देवासमोर ठेवलं होतं, एवढी मी मूर्ख. आत आठ ओळी. मी त्या इथे उतरवून काढते, म्हणजे तू काय लिहिलंस ते तुलाही पुन्हा दिसेल.

'आई, तू कोणाला इथे पाठवते आहेस? सायली शाळेतून आली की रोज तोंडाला स्ट्रॉबेरीचा वास, बोटं लाल. विचारलं तर म्हणते समोरच्या आजीने केक दिला. काल तिच्या दातात वेलदोड्याचं साल अडकलं होतं. केकमध्ये वेलदोडा सालासकट कोण घालतं ते मला माहीत आहे. हे चोरून चाललेलं ताबडतोब बंद कर. आणि आमच्या समोर दारच नाही, आई. आमच्या समोर भिंत आहे.'

मी कोणालाही पाठवलेलं नाही. सायलीची शपथ. कोल्हापूर नाशिकहून अख्ख्या रात्रीच्या अंतरावर आहे, मी चोरून केक कशाला पाठवू, आणि तो ताजा कसा राहील? मी केक फक्त समोरच्या कुलपाशी ठेवते. पुढे तो कुठे जातो ते मला आता कळलं. पत्र वाचून मी स्वयंपाकघरात गेले आणि जमिनीवरच बसले. भीती वाटली, खोटं कशाला बोलू. पण त्याच्या आधी, अगदी क्षणभर, फार बरं वाटलं. माझ्या हातचं सायलीच्या पोटात जातं आहे. वाईट आहे मी, पण वाटलं.

मग वाटलं की आपल्या नातीला एक मेलेली बाई रोज भरवते आहे आणि आपण त्यात खुशीने सामील आहोत. तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. काल दुपारचा डबा आलेला आहे, तो अजून ओट्यावर आहे. स्ट्रॉबेरी जराही मऊ पडलेल्या नाहीत. देठ अजून हिरवे आहेत.

मी सारखा विचार करते आहे की म्हातारीला माझ्याकडून काय हवं आहे. खरं बोललेलं हवं असेल तर घे.

मी झोपले नव्हते. त्या रविवारी माझ्याकडे हळदीकुंकू होतं. हॉलमध्ये वीसेक बायका होत्या, माझ्या शाळेच्या ऑफिसातल्या, सोसायटीतल्या, तुझी मामीसुद्धा. मी वाण वाटत होते. बेल वाजली ती मी ऐकली. दारापर्यंत आलेही. तू आहेस हे मला कळलं होतं. बाहेर तू सासर सोडून आलेली आणि आत त्या सगळ्या बसलेल्या, मला सुचेना. मी म्हटलं, थोड्या वेळाने उघडू. या गेल्या की उघडू. पाऊण तासाने उघडलं तेव्हा बाहेर कोणी नव्हतं.

हे खरं आहे. आता मला एवढंच हवं आहे की तू सायलीला घेऊन एकदा घरी ये. किंवा मला ये म्हण. दुसरं काही मागत नाही.

केक आता करणार नाही. तू बंद कर म्हणालीस, मी बंद केलं.

— आई

*

२ फेब्रुवारी

तेजल,

सकाळी तुझा फोन आला. दोन वर्षांनी तू 'आई' म्हणालीस, तेही ओरडून. मी नुसतं हं हं करत राहिले आणि तू ठेवून दिलास. आता परत तुझा फोन लागत नाही. म्हणून लिहिते आहे. हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही, बरोबर घेऊन येणार आहे.

तू म्हणालीस, चार दिवस झाले, सायलीचा ताप उतरत नाही. डॉक्टरांना काही सापडत नाही. काही खात नाही, अंथरुणातून उठून दाराबाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून बसते. म्हणते, आजीचा डबा रिकामा होता, आजीने दार लावून घेतलं. "तू काय केलंस?" असं तू मला विचारलंस.

मी काय केलं ते सांगते. एकोणतीस तारखेला मी तो डबा रिकामा केला. स्ट्रॉबेरी कचऱ्यात टाकल्या. डबा घासला, पुसला आणि समोरच्या दाराशी ठेवून आले. मोकळा. मला वाटलं, देणंघेणं तोडायचं तर असंच तुटेल. वर मोठ्याने बोललेही, "चंद्रभागाबाई, बस झालं आता. माझ्या नातीला सोडा." त्यानंतर डबा परत आला नाही. मी सुटले म्हणून त्या संध्याकाळी देवाला नारळ फोडला.

तारीख बघ, तेजल. एकोणतीस. चार दिवस.

ज्या चुकीचं प्रायश्चित्त घ्यायचं तीच चूक मी दुसऱ्यांदा केली. आपल्यात कोणीही सांगेल, तोडायचं असलं तरी डब्यात चिमूटभर साखर घालून तोडतात. मला पहिल्यांदा राग आला म्हणून आणि दुसऱ्यांदा भीती वाटली म्हणून सुचलं नाही. पण मला आता वाटतं की त्या तुझ्या मुलीचं वाईट करत नव्हत्या. तुझ्या मुलीला आजी हवी होती. मी केक समोर ठेवत होते आणि त्या तो पोचवत होत्या, एवढंच. जे मी स्वतः चालत जाऊन करायचं ते त्या करत होत्या. मी हात आखडता घेतला आणि पोर आजारी पडलं.

आज दुपारी वाळूला फोन केला. त्याला सगळं सांगितलं. त्याला नवल वाटलं नाही. म्हणाला, "आई अशीच व्हती मावशी. कोणाला दारात उभं बघवायचं नाय तिला. दार उघडून आत घ्यायचीच. मग जो आत आला त्याला लवकर सोडायची पण नाय, बस म्हणायची, आजून बस." मग म्हणाला, "तुम्ही सोताच जा. डबा तुमचा घ्या. आमचा नको."

उद्या सकाळी बाजारातून स्ट्रॉबेरी आणीन. माझ्या स्वतःच्या डब्यात, ज्यावर 'सुवर्णा' घातलं आहे त्यात, केक करून घेते आणि संध्याकाळच्या बसने निघते. तू ये म्हणालेली नाहीस. मी तरी येते आहे.

*

कोल्हापूर
४ फेब्रुवारी, तुझ्या दारासमोर
दुपारी दोन

तेजल,

हे पेन्सिलीने लिहिते आहे, पेन बसमध्ये राहिलं. अक्षर वाचता आलं नाही तर सोडून दे. परवाचं पत्र आधीच दाराखालून सरकवलं आहे, आता एक एक कागद लिहून झाला की सरकवते.

मी सकाळी अकरापासून इथे आहे. तीनदा बेल वाजवली. तू आत आहेस. मगाशी कुकरची शिट्टी झाली आणि पहिल्या बेलला दाराच्या भिंगामागे अंधार आला, म्हणजे तू डोळा लावला होतास. मला कळतं ते. मग तू मागे सरलीस. पायातली पैंजणं तू अजून घालतेस. मी काही म्हणत नाही. उघडत नाहीस म्हणून मला राग आलेला नाही. तू म्हणशील, आई आणि राग नाही? खरंच नाही.

सायलीचा आवाज ऐकला. ती म्हणाली, "मम्मी, आजी आली." तू म्हणालीस, "कोणी नाही, झोप." आवाज किती बारीक झाला आहे तिचा. डबा मी पायपुसण्यावर ठेवला आहे. झाकणावर फडकं बांधलं आहे. तिला कोमट दुधात कुस्करून दे, नुसता घशाखाली उतरणार नाही.

*

दुसरा कागद.

अठ्ठावीस तारखेच्या पत्रात मी थोडं चोरलं होतं. लिहिलं होतं की तू आहेस हे कळलं, सुचलं नाही. तसं नव्हतं. मी भिंगातून पाहिलं होतं. चांगला मिनिटभर पाहिलं होतं. सायली तुझ्या खांद्यावर झोपलेली होती, तिच्या एकाच पायात सँडल होती. तुझ्या डाव्या गालावर वळ होता. तू भिंगाकडेच बघत होतीस. तुझे ओठ हलले, आवाज आला नाही, पण तू 'आई' म्हणालीस हे मला दिसलं. माझा हात कडीवर होता. मागून तुझी मामी म्हणाली, "कोण आहे ग सुवर्णा?" आणि मी, कडीवरचा हात काढून, वळून, हसून म्हणाले, "कोणी नाही, सेल्समन आहे."

मी हसले होते, तेजल. हे मी दोन वर्षं कोणाला सांगितलं नाही, देवालाही नाही. त्या बायका गेल्यावर मी वाणाच्या उरलेल्या वाट्या मोजत बसले. दार पाऊण तासाने उघडलं हेही खोटं. मी त्या दिवशी दार उघडलंच नाही.

मला माफ कर असं लिहायला मी आले नाही. माफ कशाला करशील? मला फक्त तुला बघायचं आहे आणि सायलीच्या कपाळावर हात ठेवायचा आहे. मग तू जा म्हणालीस तर पुढच्या गाडीने जाईन.

*

तिसरा कागद.

सायली हसली आत्ता. ऐकलं मी. तू तिला भरवलंस का? डबा तर इथेच आहे.

तेजल, तुमचा जिना फार शांत आहे. सगळे लवंडले असतील. मी दाराकडे तोंड करून पायरीवर बसले आहे, भिंत माझ्या पाठीशी आहे. ओल्या मातीचा वास येतो आहे. खाली कोणी झाडांना पाणी घालत असेल असं वाटलं म्हणून वाकून पाहिलं, खाली फरशी आहे.

*

चौथा.

माझ्या मागे कडी वाजली.

मी वळून पाहिलेलं नाही. तू लिहिलं होतंस की इथे भिंत आहे, आणि सकाळी येताना मीही पाहिली, पिवळा रंग आहे, मधे एक खिळा आहे. पण कडी वाजली आणि पाठीला गार हवा लागते आहे, दार उघडल्यावर लागते तशी. कप-बशा मांडल्याचा आवाज येतो आहे. त्या मला हाक मारतायत. "सुवर्णाताई, किती येळ दारात बसनार? या, आत या. बसा." रागाने नाही ग. इतक्या मायेने की माझे गुडघे आपोआप उचलले जात आहेत. पावणेदोन वर्षं मी त्यांच्याकडे बघितलं नाही, तरी त्या मला आत बोलावतायत. ज्याला स्वतःचं माणूस दार उघडत नाही त्याला त्या घेतात.

वाळू काय म्हणाला ते मला आठवतं आहे. आत आलेल्याला ती लवकर सोडायची नाही.

चहाचा वास आला. मी फार दमले आहे, तेजल. रात्रभर बसमध्ये डोळ्याला डोळा लागला नाही. सायली आत तुला सांगते आहे, "मम्मी, आजी समोर चालली बघ." तू ऐकते आहेस ना तिचं? पैंजण वाजलं तुझं. तू दाराशी आलीस. दाराखालच्या फटीतून तुझी सावली या कागदावर पडली आहे.

भिंगातून बघत उभी राहू नकोस, बाळ. मी पण तशीच उभी होते. बघत राहिलं की हात कडीवरून निघतो.

दार उघड. मला समोर जायचं नाही. मला तुझ्याकडे यायचं आहे.